एक मिलीमीटरच्या आतले काळे भुंगेरे : हे नेमके कोण? (आणि ओळखायचे कसे?)

पानगळ | शनिवार, रात्री १०:४७

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, हा पहिलाच धागा आहे त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

झालं असं की ओल्या, कुजत आलेल्या पालापाचोळ्याचा एक डबा भरून आणला होता, खरं तर वाणी आणि गोमी बघायला. पांढऱ्या ताटलीवर चाळला तर तळाला काळी काळी माती पडली. मग ती माती चालायला लागली. भिंगातून बघितलं तर चक्क भुंगेरे, पाठीवर मधोमध रेघ, दोन कडक पंख, सगळं कसं मोठ्या भुंगेऱ्यासारखंच, फक्त कुणीतरी उन्हात वाळवून आटवल्यासारखं. आलेखाच्या कागदावर सोडले तर एक मिलीमीटरच्या चौकोनात एक आख्खा भुंगेरा मावतोय आणि वर चारी बाजूंनी जागा शिल्लक.

दोन प्रश्न. एक, ही कुठल्या तरी मोठ्या भुंगेऱ्याची पिल्लं आहेत का? दोन, एवढ्या बारक्या जिवाचं वर्गीकरण करायला सुरुवात तरी कुठून करतात? फोटो लावलेत पण माझ्या फोनमध्ये ते मोहरीसारखे दिसतायत, तेव्हा हसू नका.

उगाचएक | शनिवार, रात्री १०:५९

हसलो. तिसऱ्या फोटोत तर ठिपका पण नाहीये.

अळीमिळी | शनिवार, रात्री ११:२०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, नाही. भुंगेऱ्यांत अंडं, अळी, कोष आणि मग प्रौढ असा प्रवास असतो आणि एकदा कोषातून पाठीवर कडक पंख घेऊन बाहेर पडला की तो आयुष्यभर तेवढाच राहतो, वाढ सगळी अळी असतानाच होऊन जाते. छोटा भुंगेरा म्हणजे पिल्लू हा गैरसमज इतका पक्का आहे की मलाही शाळा संपल्यावर कळलं. म्हणजे तुमच्या ताटलीतले सगळे मोठे झालेले, संसारी भुंगेरे आहेत.

दुसऱ्या प्रश्नाला मोठी माणसं येतीलच.

कोळ्याचं_जाळं | शनिवार, रात्री ११:४१

घाई नको. आधी पाय मोजा. पालापाचोळ्यात या मापाचे माइट्स, म्हणजे कोळ्यांचे बारके नातेवाईक, हजारोंनी असतात आणि त्यातले काही, विशेषतः कडक कवचवाले, काळे गोल आणि चकचकीत असतात, भुंगेरा म्हणून भल्याभल्यांनी फोटो टाकलेले बघितलेत. आठ पाय म्हणजे माइट.

पण यातही एक गोम आहे, माइटच्या अगदी लहान अवस्थेला सहाच पाय असतात. त्यामुळे पायावर भरवसा ठेवून थांबू नका, मिशा बघा. माइटला मिशा म्हणजे ज्याला पुस्तकात शृंगिका म्हणतात त्या नसतातच. आणि उडी मारून गायब होत असेल तर तो स्प्रिंगटेल, त्याला सहा पाय आहेत पण हल्ली त्याला कीटकांत धरत नाहीत.

तीनतेरा | रविवार, सकाळी ८:०५

एवढा काथ्याकूट कशाला? तुमचा दुसरा फोटो मी ओळखणाऱ्या ॲपमध्ये टाकला. ॲप म्हणतंय धान्यातला सोंड्या. विषय संपला.

भिंगचष्मा | रविवार, सकाळी ९:३०

विषय आता सुरू झाला :)

तीनतेरा, ॲपला फोटोत माप दिसत नाही हो. त्याला काळपट लांबट काहीतरी दिसलं आणि ज्याचे लाखो फोटो त्याने पाहिलेत त्याचं नाव त्याने ठोकून दिलं. सोंड्या दोन-तीन मिलीमीटरचा असतो आणि त्याला सोंड असते, म्हणून तर सोंड्या. इथे जीव एक मिलीमीटरच्याही आत आहे. भुंगेऱ्यांच्या आजवर सुमारे ४ लाख जातींना नावं दिली गेलीत, पण प्रौढ असून एक मिलीमीटरच्या आत बसणारी कुळं हाताच्या बोटांवर मोजता येतात. म्हणजे धागाकर्तीने आलेखाचा कागद वापरला तिथेच अर्धं काम झालं, बाकी काही नसलं तरी माप द्या असं मी प्रत्येक नवख्याला सांगत आलोय आणि नव्वद टक्के लोक नाण्याशेजारी ठेवून फोटो काढतात, ज्यात नाणं सुंदर येतं.

माझा संशय पीसपंखी भुंगेऱ्यांवर आहे. कुळ टिलिइडी. ओला पालापाचोळा, कंपोस्ट, शेण, कुजकं लाकूड, अळंबी, जिथे बुरशी तिथे हे, कारण यांचं खाणंच बुरशीचे बीजाणू आणि तंतू. पण संशय म्हणजे ओळख नव्हे. या मापाला अजून दोन-तीन घराणी येऊन बसतात. एक कोरिलोफिडी, यांच्या छातीची ढाल पुढे आलेली असते, वरून बघितलं तर डोकंच दिसत नाही, टोपी तोंडावर ओढून झोपलेल्या माणसासारखं. दुसरे क्लॅम्बिडी, हात लावला की डोकं पोटाखाली घेऊन गोळी होतात. तिसरे लॅट्रिडिइडी, हे बुरशी खाणारेच पण सहसा एक मिलीमीटरच्या वर असतात, पाठीवर खड्ड्यांच्या सरळ रांगा असतात, शिवण मारल्यासारख्या.

पानगळ, तुमचा भुंगेरा हात लावल्यावर गोळी होतो का? वरून डोकं दिसतं का? आणि मिशा कशा आहेत, टोकाला घट्ट गोळा आहे की सुटे सुटे मणी आणि प्रत्येक मण्याला लांब केस?

शब्दकीस | रविवार, सकाळी १०:१२

लिहितानाचा प्टि आणि बोलतानाचा टि, अशी गंमत आहे या नावाची. ग्रीकमध्ये टिलोन म्हणजे पीस, त्यावरून आलंय. म्हणजे भिंगचष्मांचं पीसपंखी हे भाषांतर मुळाशी धरून आहे, आवडलं.

अवांतर: कृपया या धाग्यावर तरी प्रजाती आणि जातीची खिचडी करू नका. जीनस म्हणजे प्रजाती, स्पीशीज म्हणजे जाती. वर्तमानपत्रवाल्यांनी स्पीशीजला प्रजाती म्हणून म्हणून पार वाट लावलीय.

उगाचएक | रविवार, सकाळी १०:२०

शब्दकीस आले. आता धागा शंभरी गाठणार.

पानगळ | रविवार, दुपारी १:५५

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. सहा पाय आहेत, मिशा आहेत, उडी मारत नाहीत पण पळतात तुफान, भिंगाखाली आणेपर्यंत ताटलीच्या दुसऱ्या टोकाला. गोळी होत नाहीत. डोकं वरून दिसतं. अंगावर बारीक केस आहेत, उजेड तिरका पडला की मखमलीसारखं दिसतं. पाठीवरचे कडक पंख मागे सरळ कापल्यासारखे आहेत, पोटाचं टोक उघडंच राहतंय. मिशांचं काही कळत नाहीये, माझं भिंग दहापटीचं आहे. घरात यूएसबीवाला मायक्रोस्कोप आहे, खोक्यावर १००० पट लिहिलंय, तो चालेल का?

भिंगचष्मा | रविवार, दुपारी २:४०

खोक्यावर काहीही लिहितात. चित्र मोठं करणं वेगळं आणि बारकावा दिसणं वेगळं, पुसट फोटो भिंतीएवढा केला तरी पुसटच राहतो. शाळा-कॉलेजातला साधा काचपट्टीवाला मायक्रोस्कोप, ज्यात आपण कांद्याच्या पेशी बघितल्या, तो कुणाकडून मिळतोय का बघा, शंभरपटीला कुळ कळेल.

पंख बाहेर आखूड आणि पोट उघडं हे वाचून काही जण रोव्ह बीटल म्हणतील. चूक म्हणता येणार नाही, दोघं एकाच अधिकुळातले, स्टॅफिलिनॉइडिया. म्हणजे चुलत भाऊ. पण रोव्ह बीटलचा मागचा पंख साधा पडद्याचा असतो. यांचा पंख बघितलात तर परत आयुष्यात विसरणार नाही.

आता कृती. दोन-चार जण ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका, सगळे नको. दोन दिवसांनी एक बारीक कुंचल्याच्या ओल्या टोकाने उचला, चिमटा वापरलात तर त्याचं पीठ होईल. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात भुंगेरा, वर पातळ काच, आणि सुईच्या मागच्या टोकाने अगदी हलकं दाबा. पुष्कळदा तेवढ्यानेच मागचा पंख बाहेर सरकतो. कधी कधी तर काही न करताच पोटाच्या मागे केसांची टोकं डोकावत असतात.

कोळ्याचं_जाळं | रविवार, संध्याकाळी ६:१५

चाळण्यापेक्षा बर्लेझ फनेल करा. अन्तोनियो बर्लेझ नावाच्या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने १९०५ साली काढलेली युक्ती, नंतर टुलग्रेनने त्यात दिवा बसवला. नरसाळ्यात जाळी, जाळीवर पालापाचोळा, वर बल्ब, खाली अल्कोहोलची बाटली. वरून पाचोळा वाळत जातो तसे जीव ओल आणि अंधार शोधत खाली जातात आणि टपाटप बाटलीत पडतात. माझे माइट्स सगळे असेच. बल्ब मात्र जुना पिवळा, गरम होणारा हवा, एलईडीने पाचोळा तापत नाही हे मी आठवडाभर वाट बघून शिकलोय.

पानगळ | बुधवार, रात्री ९:०८

दिसला!!!!

मैत्रिणीच्या कॉलेजातला मायक्रोस्कोप तासाभरासाठी मिळाला. पहिले दोन भुंगेरे दाबताना फुटले (माफ करा रे), तिसऱ्याचा पंख बाहेर आला आणि मी खरंच ओरडले. पंख म्हणजे पंख नाहीच, मधे एक बारीक काडी आणि तिला दोन्ही बाजूंनी लांब लांब केस, अगदी पक्ष्याचं पीस, नाहीतर बाटली धुवायचा ब्रश म्हणा. आणि मिशांचा प्रत्येक मणी सुटा, प्रत्येकाला केसांचं कडं, शेवटचे मणी जाड. मापाची पट्टी पण होती आत, ०.८ मिलीमीटर.

एक कळलं नाही, एवढ्या भोकाभोकाच्या पंखाने उडतो कसा? हवा आरपार जात नाही?

भिंगचष्मा | बुधवार, रात्री ९:५०

अभिनंदन! सुटे केसाळ मणी आणि पिसाचा पंख, दोन्ही एकत्र. टिलिइडी, नक्की. एकट्या पंखावर गेला असतात तर मी अडवलं असतं, कारण वर सांगितलेल्या कोरिलोफिडींच्या पंखालाही केसांची झालर असते, आणि भुंगेरे सोडाच, थ्रिप्स (फुलकिडे) आणि अगदी बारक्या परजीवी गांधीलमाश्या यांनीही स्वतंत्रपणे असाच पंख काढलाय. म्हणजे पीस हे घराण्याचं लक्षण कमी आणि मापाचं लक्षण जास्त.

उडण्याचं असं आहे की आपल्याला हवा पातळ वाटते कारण आपण मोठे. त्या मापाच्या जिवाला तीच हवा चिकट लागते, मधात पोहल्यासारखी, आणि केसांच्या मधल्या फटींतून ती सहज निसटत नाही. मग पंख जवळजवळ पडद्यासारखंच काम करतो आणि वजन मात्र नगण्य. पॅराट्युपोसा प्लॅसेंटिस नावाच्या पीसपंखी भुंगेऱ्यावर २०२२ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात अभ्यास आला, ०.४ मिलीमीटरपेक्षाही छोटा जीव, अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला तर पंख इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरतात आणि पाठीवरची कडक झाकणं अंग गटांगळ्या खाऊ नये म्हणून ब्रेकसारखी उघडमीट करतात. आणि स्वतःच्या तिप्पट मोठ्या भुंगेऱ्यांच्या वेगाने उडतो तो!

अळीमिळी | बुधवार, रात्री १०:०४

वाचनखूण साठवली!! सगळ्यात छोटा भुंगेरा पण याच कुळातला ना?

भिंगचष्मा | बुधवार, रात्री १०:३१

हो. सिडोसेला मुसावासेन्सिस. १९९९ मध्ये हॉल या कीटकशास्त्रज्ञांनी निकाराग्वातल्या नमुन्यांवरून त्याला नाव दिलं. गंमत म्हणजे नाव होतं पण नेमकं माप नव्हतं, कारण नमुने काचपट्टीवर चिकटवलेले आणि त्यात अंग थोडंफार ताणलं-दबलं जातंच. मग कोलंबियात अळंबीवर तेच भुंगेरे पुन्हा सापडले आणि २०१५ मध्ये पोलिलोव यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली मोजून सांगितलं की सगळ्यात छोटा ०.३२५ मिलीमीटर. परजीवी नसलेल्या कीटकांत याहून लहान माहीत नाही. परजीवी धरले तर एका गांधीलमाशीचा नर ०.१३९ मिलीमीटरचा आहे, पण त्याला ना डोळे ना पंख.

म्हणून पानगळ, तुमचं ०.८ हे पण काचेखाली दाबलेल्या भुंगेऱ्याचं आहे. न दाबलेला मोजा.

यांच्या मादीच्या पोटात एका वेळी एकच अंडं मावतं, आणि ते पण तिच्या अंगाच्या मानाने अवाढव्य. माप आणखी कमी करायचं म्हटलं तर अंडं ठेवायचं कुठे हाच प्रश्न.

उगाचएक | बुधवार, रात्री १०:४०

माझा एक निरागस प्रश्न. यात सगळ्यात मोठा कोण, त्याचं नाव काय ठेवलंय?

भिंगचष्मा | बुधवार, रात्री १०:५२

मोठ्याचं सोडा, छोट्याचं ऐका. नेफानिस टायटन. १८३४ सालचं नाव, जीव अर्ध्या मिलीमीटरच्या जरासा वर. शेणात राहतो. एक तो टायटन बीटल नावाचा सोळा सेंटीमीटरचा भुंगेरा आणि एक हा.

उगाचएक | बुधवार, रात्री १०:५५

हसून हसून पुरेवाट. नाव ठेवणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

तीनतेरा | गुरुवार, सकाळी ७:५०

ठीक आहे, ॲप चुकलं, मान्य. पण कुळावर काय थांबताय, जात सांगा की.

भिंगचष्मा | गुरुवार, सकाळी ११:१५

इथे माझे पाय जमिनीवर येतात.

प्रजातीपर्यंत अंदाज करतो. अंगावर मखमल, कडक पंख मागे आडवे कापलेले, पोटाचे शेवटचे खंड उघडे, आणि पानगळच्या नव्या फोटोत छातीच्या ढालीचे मागचे कोपरे खांद्यांवर टोकदार होऊन मागे गेलेले दिसतायत. हे सगळं ॲक्रोट्रायकिसशी जुळतं. पालापाचोळ्यात आणि कंपोस्टमध्ये सगळ्यात जास्त हाच भेटतो. चकचकीत, फुगीर आणि पोट पूर्ण झाकलेला असता तर टेनिडियमकडे बोट दाखवलं असतं.

जात मात्र नाही सांगणार. ॲक्रोट्रायकिसच्या जाती बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या. मादीच्या पोटात नराचे शुक्राणू साठवायची एक बारीक कडक पिशवी असते, तिचा आकार, तिची वळणं जातीगणिक वेगळी, आणि खरी ओळख तिथे पटते. म्हणजे मादी पाहिजे, मग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तिचं मांस विरघळवायचं, पोट वेगळं काढायचं, काचपट्टीवर कायमचं बसवायचं आणि चारशेपटीला बघायचं. कुलूप कुठलं ते किल्लीवरून ओळखण्यातला प्रकार.

१८७२ साली अँड्र्यू मॅथ्यूज नावाच्या इंग्रज पाद्र्याने या अख्ख्या कुळावर चित्रांसकट जाडजूड ग्रंथ काढला, त्या काळातल्या दिव्याच्या उजेडात, आणि तरी नंतरच्या लोकांना त्यातलं पुष्कळ उसवून पुन्हा शिवावं लागलं.

शब्दकीस | गुरुवार, दुपारी १२:०३

जुन्या पुस्तकांत कुळाचं नाव ट्रायकोप्टेरिजिडी दिसेल, दचकू नका, हेच ते. ज्या प्रजातीवरून ते पडलं ती ट्रायकोप्टेरिक्स, पण हे नाव आधीच एका पतंगाला दिलेलं निघालं. प्राण्यांमध्ये एकच नाव दोघांना चालत नाही, पहिल्याचा मान, त्यामुळे भुंगेऱ्याला नाव सोडावं लागलं. हाच वाद आमच्या सोसायटी— जाऊ दे.

तीनतेरा | गुरुवार, दुपारी १२:३०

मग डीएनए करा. बारकोड. डीएनएचा तो ठरावीक ६५८ अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि जुळवायचा, पिशव्या बघत कोण बसणार.

भिंगचष्मा | गुरुवार, दुपारी १:१०

जरूर करा, मी विरोधात नाही, हल्ली भुंगेरा न चिरता अख्खा द्रावणात भिजवून डीएनए काढता येतो आणि कवच शाबूत परत मिळतं, त्याचीच मग काचपट्टी होते. पण जुळवायचं कशाशी? संग्रहात त्या जातीचा बारकोड कुणीतरी आधी टाकलेला हवा, आणि टाकणाऱ्याने ती जात पिशवी बघूनच ओळखलेली असणार. म्हणजे फिरून पिशवीपाशीच.

पानगळ | शनिवार, रात्री ११:२२

अजून एक घोळ. आज कुजलेल्या ओंडक्याची साल उचकटली तर खाली तसलेच बारके, पण फिकट पिवळे, लांबट, आणि शपथेवर सांगते, डोळे नाहीत. पंख पण नाहीत. पण त्याच सालीखाली दोन-तीन गडद, डोळेवाले, पंखवाले पण आहेत. दोन वेगळ्या जाती ना? की फिकट म्हणजे नुकते कोषातून निघालेले?

अळीमिळी | शनिवार, रात्री ११:३५

नुकता निघालेला फिकट असतो हे बरोबर, पण डोळे तर त्यालाही असतात.

भिंगचष्मा | रविवार, सकाळी ८:४५

पानगळ, तुमचं नशीब जोरावर आहे. सालीखालचे टिनेला असावेत. यांच्यात एकाच जातीत दोन रूपं असतात. एक डोळे-पंखवालं गडद, एक आंधळं बिनपंखी फिकट. ओंडक्याखाली अंधारात पिढ्यानपिढ्या बुरशी खायची तर डोळे कशाला हवेत, आणि ओंडका संपत आला की नवा शोधायला उडणारं कुणीतरी हवंच. शिवाय टिनेलाच्या काही जातींत नर लागतच नाही, माद्याच माद्या. पूर्वी अशी दोन रूपं बघणारा दोन जाती म्हणून मोकळा झाला असता, तुम्हीही तेच करत होतात. एकाच सालीखालचे दोन्ही एकाच बाटलीत ठेवा, वेगळे करू नका, ते एकत्र सापडले हीच माहिती आहे.

चिठ्ठीवर "टिलिइडी, बहुधा टिनेला" एवढंच लिहा. पालापाचोळ्यातल्यांवर "टिलिइडी, बहुधा ॲक्रोट्रायकिस". तारीख, जागा, ओंडका किती कुजलेला, साल ओली की कोरडी, कुणी गोळा केलं. चिठ्ठी भुंगेऱ्यापेक्षा शंभरपट मोठी होईल, होऊ दे. आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, बाहेर चिकटवू नका, आणि पेन्सिलीनेच लिहा, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

पानगळ | रविवार, सकाळी ९:०२

काका, हे आठ दिवस आधी सांगायचं ना. पहिल्या बाटलीतलं अल्कोहोल निळं झालंय.